विजयनगर ते पुणे: साडेसातशे किलोमीटर की दहा तास?

'विजयनगर ते पुणे अंतर किती?' असं मोबाइलला विचारलं की डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर येतं. इतके किलोमीटर, इतके मैल, विमानाने एवढा वेळ. पण उत्तर वाचण्याआधी एक उलटा प्रश्न विचारायला हवा: कुठलं विजयनगर?

एक विजयनगर हंपीचं, तुंगभद्रेकाठच्या साम्राज्याचं. त्याच्या नावाने कर्नाटकात २०२१ साली नवा जिल्हा झाला, मुख्यालय होसपेट. एक विजयनगर बंगळुरूचं. तिथे मेट्रोचं स्थानकही आहे. मिरजेहून बेळगावच्या गाडीत बसलात तर मिरज सोडल्यावर विजयनगर नावाचं छोटं स्टेशन लागतं. सांगलीत विजयनगर आहे आणि खुद्द पुण्यात सदाशिव पेठेच्या अंगाला विजयनगर कॉलनी आहे. म्हणजे 'विजयनगर ते पुणे' या प्रश्नाचं उत्तर 'चालत दहा मिनिटं' असंही असू शकतं.

आपण बोलणार आहोत ते म्हैसूरच्या विजयनगरबद्दल. शहराच्या वायव्येला पसरलेली ही आखीव वसाहत. पत्ता सांगताना तिथले लोक 'फर्स्ट स्टेज', 'सेकंड स्टेज' असं सांगतात, आणि ही मोजणी चौथ्या स्टेजपर्यंत जाते. पहिल्या टप्प्यातलं योगनरसिंहस्वामींचं मंदिर एक जानेवारीला भाविकांना लाखांनी लाडू वाटण्यासाठी प्रसिद्ध आहे. या वसाहतीच्या शेजारीच हेब्बाळची औद्योगिक वसाहत आणि तिथे इन्फोसिसचं प्रचंड प्रशिक्षण केंद्र. पुणे, सांगली, कोल्हापूर, नाशिककडची इंजिनिअर झालेली हजारो मुलं-मुली नोकरीचे पहिले महिने याच भागात काढून आली आहेत. गंमत म्हणजे ही कंपनी जन्माला आली ती १९८१ साली पुण्यात. बंगळुरूला ती गेली नंतर, १९८३ मध्ये. तेव्हा पुणे-म्हैसूर हा रस्ता मराठी घरांच्या चांगल्याच परिचयाचा. मुलीचं नेमणूकपत्र आलं की घरात पहिले दोन प्रश्न ठरलेले: "किती लांब आहे गं?" आणि "विमानाने किती वेळ लागतो?"

या दोन साध्या प्रश्नांची निदान चार उत्तरं आहेत. चारही बरोबर आहेत आणि चारही वेगळी आहेत.

सुतळी ताणून मोजलेलं अंतर

पहिलं उत्तर सरळ रेषेचं. संकेतस्थळं 'हवाई अंतर' म्हणून देतात ते हेच. ते कसं काढतात हे समजायला मोठं गणित लागत नाही. शाळेतला पायथागोरस पुरतो.

पुणे साधारण १८.५ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७३.९ अंश पूर्व रेखांशावर आहे. म्हैसूर १२.३ अंश उत्तर, ७६.७ अंश पूर्व. म्हणजे म्हैसूर पुण्याच्या ६.२ अंश दक्षिणेला आणि २.८ अंश पूर्वेला. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर. तेव्हा दक्षिणेकडे अंतर झालं साधारण ६९० किलोमीटर. रेखांशाचं थोडं वेगळं. रेखांशाच्या रेषा विषुववृत्तावर एकमेकींपासून सर्वांत दूर असतात आणि ध्रुवाकडे जाताना जवळ येत येत शेवटी एका बिंदूत मिळतात, सोललेल्या संत्र्याच्या फोडींसारख्या. त्यामुळे रेखांशाच्या एका अंशाची लांबी विषुववृत्तावर १११ किलोमीटर असली तरी पुणे आणि म्हैसूर यांच्या मधल्या पट्ट्यात ती १०७ किलोमीटरच भरते. २.८ अंशांचे झाले ३०० किलोमीटर. आता ६९० आणि ३०० या दोन बाजूंचा काटकोन त्रिकोण काढा. कर्ण येतो सुमारे ७५० किलोमीटर.

संगणक हेच करतो, फक्त पृथ्वी गोल धरून. गोलावर दोन ठिकाणांना जोडणारी सर्वांत जवळची वाट म्हणजे 'महावृत्ता'चा तुकडा: पृथ्वीचे बरोब्बर दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळाचा कंस. पृथ्वीगोलावर दोन बोटांमध्ये सुतळी ताणून धरली की ती आपोआप याच वाटेवर बसते. काटेकोर हिशेब हवा असेल तर पृथ्वी पुरती गोलही नाही हे लक्षात घ्यावं लागतं. विषुववृत्तावर तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, ध्रुवांकडे ६,३५७; म्हणजे ती डोक्यावर आणि पायाशी किंचित दबलेली आहे. पुणे-म्हैसूर अंतरात या दबण्याने दोन-तीन किलोमीटरचा फरक पडतो. विजयनगरच्या कुठल्या स्टेजमध्ये राहता आणि पुण्यात उतरणार कोथरूडला की खराडीला, याने पडणारा फरक त्याहून मोठा असतो. म्हणून हवाई अंतर '७५२.४३ किलोमीटर' असं दशांशासकट दिलेलं दिसलं तर त्या दशांशाला फार मान देऊ नये.

मजल, कोस आणि एक चुकलेली भेट

जुन्या काळी हा हिशेबच उलटा होता. आपल्याकडे अंतर सांगत ते बहुतेक वेळा वेळेतच. 'दोन मजला' म्हणजे दोन दिवसांची चाल. 'मजल दरमजल करत' हा शब्दप्रयोग त्यातूनच आला. कोस हे तसं लांबीचं माप, पण मुलुखागणिक त्याची लांबी बदले. मजल मात्र घाट असला की आपोआप आखूड होई आणि सपाटी असली की लांब. नकाशा काढायला हे माप निरुपयोगी, पण प्रवासाला निघालेल्या माणसाला हवं तेवढंच सांगणारं.

पुणे आणि म्हैसूर यांच्यातल्या अंतराने इतिहासात एकदा मोठी गंमत केली आहे. टिपू सुलतानाविरुद्धच्या तिसऱ्या युद्धात इंग्रज, मराठे आणि निजाम एका बाजूला होते. परशुरामभाऊ पटवर्धनांची फौज धारवाडच्या वेढ्यात कित्येक महिने अडकली. ते ठाणं पडलं एप्रिल १७९१ मध्ये. मग ती दक्षिणेकडे निघाली आणि हरिपंत फडकेही आपली फौज घेऊन येऊन मिळाले. तिकडे इंग्रजांचा गव्हर्नर-जनरल लॉर्ड कॉर्नवॉलिस मे महिन्यात टिपूच्या राजधानीपर्यंत, श्रीरंगपट्टणापर्यंत जाऊन पोहोचला. आजच्या विजयनगरपासून ते ठिकाण जेमतेम वीस किलोमीटर. पण रसद संपली, बैल मेले, वळवाचा पाऊस लागला. मराठे कुठवर आले आहेत याची त्याला बातमी नव्हती, कारण निरोप टिपूचे स्वार वाटेतच अडवत होते. शेवटी जड तोफा स्वतःच्या हातांनी निकामी करून तो माघारी वळला आणि वळतो न वळतो तोच मेलकोट्याजवळ समोरून मराठी फौज आली. मेलकोटे श्रीरंगपट्टणापासून फार तर दोन मजलांवर. अंतर किरकोळ होतं, पण ते किरकोळ आहे हे कळायलाच उशीर झाला. तोफा गेल्या, मोहीम वर्षभर लांबली आणि श्रीरंगपट्टणाला पुन्हा वेढा पडला तो १७९२ मध्ये.

अंतर मोजण्याच्या शास्त्राचं हिंदुस्थानातलं पहिलं मोठं पाऊलही याच मुलुखात पडलं. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडलं, त्या मोहिमेत विल्यम लॅम्बटन नावाचा एक अबोल अधिकारी होता. एका रात्री फौजेची तुकडी अंधारात चालत असताना त्याने आकाशातले तारे पाहून सांगितलं की आपण उत्तरेला नव्हे, दक्षिणेला, म्हणजे थेट शत्रूच्या छावणीकडे चाललो आहोत. त्याचं म्हणणं खरं निघालं, अशी हकिकत सांगतात. युद्ध संपल्यावर त्याने म्हैसूरचा मुलूख आणि पुढे सगळं द्वीपकल्प त्रिकोणांनी मोजण्याची योजना मांडली. पोलादी साखळीने एक रेघ अत्यंत काटेकोर मोजायची, तिच्या दोन टोकांहून दूरच्या टेकडीचे कोन घ्यायचे आणि मग एका त्रिकोणातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा काढत शेकडो मैल पुढे जायचं. पहिली पायारेषा १८०० साली बंगळुरूजवळ मोजली गेली, दुसरी १८०२ मध्ये मद्रासजवळ. या मापातून कळलं की मद्रासपासून मंगळूरपर्यंत द्वीपकल्पाची रुंदी नकाशात ४०० मैल दाखवत असले तरी ती प्रत्यक्षात ३६० मैलच आहे. चाळीस मैल जमीन कागदावरच होती! म्हैसूरच्या मातीत सुचलेलं हे काम करत करत लॅम्बटन उत्तरेकडे सरकत गेला आणि २० जानेवारी १८२३ रोजी आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. आज मोबाइलच्या पडद्यावर जे हवाई अंतर उमटतं, त्याची आपल्या देशातली पहिली साखळी त्याने ओढली.

विमानाचं घड्याळ केव्हा सुरू होतं?

दुसरं उत्तर उड्डाणाच्या वेळेचं. ७५० किलोमीटर अंतर, जेट विमानाचा वेग ताशी आठशेच्या वर, म्हणजे प्रवास तासाच्या आत झाला पाहिजे. तिकिटावर मात्र बंगळुरू-पुण्याला दीड तासाच्या आसपास वेळ छापलेला असतो आणि ते हवाई अंतर तर ७२० किलोमीटरच आहे. मधला अर्धा-पाऊण तास जातो कुठे?

वेळापत्रकातला वेळ विमान हवेत असण्याचा नसतोच. विमान उभं असताना त्याच्या चाकांना अडणी लावलेली असते. ती काढून विमान मागे ढकललं की घड्याळ सुरू होतं आणि मुक्कामी उभं राहून चाकांना पुन्हा अडणी लागली की थांबतं. या वेळात धावपट्टीच्या टोकापर्यंत जमिनीवरून रांगत जाणं येतं, आपला नंबर लागेपर्यंत थांबणं येतं. उडाल्यावर पहिली वीसेक मिनिटं विमान चढत असतं, शेवटची वीस-पंचवीस मिनिटं उतरत असतं, आणि या दोन्ही काळांत त्याचा वेग कमी असतो. धावपट्टीवर उतरायचं ते वाऱ्याच्या समोरून, म्हणून विमान कधी शहराला वळसा घालून दुसऱ्या बाजूने येतं. समोर गर्दी असेल तर आकाशातच घिरट्या घालतं. पुण्यात आणखी एक अडचण आहे: लोहगावचा विमानतळ मुळात वायुदलाचा, प्रवासी विमानं तिथे पाहुणी. घरच्या मंडळींचा सराव चालू असताना पाहुण्यांना थांबावं लागतं.

सरळ रेषाही आकाशात सरळ राहत नाही. विमानं ठरलेल्या बिंदूंवरून, आखलेल्या वाटांनी जातात. लष्करी हद्दी टाळतात, पावसाळ्यात ढगांचे मनोरे चुकवतात. त्यामुळे प्रत्यक्ष कापलेलं अंतर हवाई अंतराहून थोडं जास्तच भरतं. शिवाय कंपन्या वेळापत्रकात काही मोकळी मिनिटं मुद्दाम ठेवतात. उशिरा निघालेलं विमान वेळेवर पोहोचल्याची घोषणा होते ती याच मिनिटांच्या जोरावर.

कुठल्याही विमानप्रवासाचा वेळ ढोबळपणे काढायचा असेल तर एक सोपा आडाखा आहे. हवाई अंतराला ८०० ने भागा आणि वर अर्धा तास घाला. बंगळुरू-पुणे ७२० किलोमीटर: भागाकार आला ५४ मिनिटं, अर्धा तास धरून १ तास २४ मिनिटं. तिकिटावरचा आकडा याच्या जवळपास असतो. पंख्याच्या छोट्या विमानाला, म्हणजे एटीआरला, हाच आडाखा ५०० ने भागून लावायचा. म्हैसूरहून पुण्याला एटीआर थेट आलं असतं तर त्याला दोन तास लागले असते.

'आलं असतं' असं म्हणावं लागतं. कारण तिसरं उत्तर हेच: थेट विमान नाही.

१,७४० मीटर

म्हैसूरला विमानतळ आहे. शहराच्या दक्षिणेला, नंजनगुडच्या रस्त्यावर मंडकळ्ळीला. संस्थानी काळातली ही जागा. मधली कित्येक वर्षं तिथे प्रवासी विमान नव्हतं. २०१० साली नवी इमारत उभी राहिली, त्याच वर्षी बंगळुरूचं विमान सुरू झालं आणि सुमारे वर्षभरात बंदही पडलं. तसा तो मार्ग सोयीचाही नव्हता: दीडशेएक किलोमीटरसाठी विमानात बसायचं म्हणजे अर्ध्या तासाच्या उड्डाणासाठी तीन तासांची तयारी. पुढे 'उडान' या सरकारी योजनेत २०१९ पासून गोवा, कोची, हैदराबादकडे छोटी विमानं जाऊ लागली. मध्यंतरी बेळगावसाठीही विमान होतं. अशा मार्गांचं येणं-जाणं चालूच असतं. पाठबळाची मुदत संपते, कंपनी मार्ग सोडते, दुसरी येते. म्हणून म्हैसूरचं तिकीट पाहताना मागच्या वर्षीच्या आठवणीवर जाऊ नये.

खरी अडचण धावपट्टीची आहे. ती १,७४० मीटर लांब. पुण्याची २,५३५ मीटर. म्हैसूर समुद्रसपाटीपासून सातशे मीटरहून उंच. उंचीवर हवा विरळ, विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते आणि उडण्यासाठी जास्त धाव घ्यावी लागते. दुपारच्या उन्हात तर आणखी जास्त. एटीआरसारख्या सत्तरेक आसनांच्या विमानाला ही धावपट्टी पुरते. दीड-पावणेदोनशे प्रवाशांच्या जेट विमानाला ती आखूड पडते. ती २,७५० मीटरपर्यंत वाढवण्याची योजना आहे, पण एका बाजूला म्हैसूर-नंजनगुड महामार्ग आणि रेल्वेची वाट आहे. धावपट्टी वाढवायची तर जमीन हवी आणि या वाहतुकीची सोयही. म्हणजे विजयनगरमधली मुलगी आणि तिचं पुण्याचं घर यांच्यामध्ये ७५० किलोमीटर आहेत हे खरं, पण अडवून धरलंय ते मंडकळ्ळीच्या हजार मीटरनी.

दारापासून दारापर्यंत

आता चौथं उत्तर, आई-बाबांना खरोखर हवं असलेलं. पुण्याचं विमान धरायचं तर बहुतेकांना बंगळुरूच्या विमानतळावर जावं लागतं. तो २००८ साली देवनहळ्ळीला झाला. देवनहळ्ळी हे टिपूचं जन्मगाव. त्याच्या राजधानीच्या परिसरातून आज विमान पकडायला त्याच्या जन्मगावी जावं लागतं. हा विमानतळ बंगळुरूच्या उत्तरेला, म्हैसूर नैर्ऋत्येला. मध्ये अख्खं बंगळुरू. अंतर सुमारे १८० किलोमीटर. मार्च २०२३ मध्ये म्हैसूर-बंगळुरू द्रुतगती महामार्गाचं उद्घाटन झालं आणि दोन शहरांमधला वेळ निम्म्यावर आला, पण हा रस्ता बंगळुरूच्या वेशीशी आणून सोडतो. पुढची गर्दी आपली आपण पार करायची. कर्नाटक राज्य परिवहनची 'फ्लायबस' म्हैसूरहून थेट विमानतळावर जाते. तिच्या प्रवासाला चार-साडेचार तास धरावेत.

मग मांडा हिशेब. विजयनगरच्या घरातून निघून बसच्या जागी पोहोचायला अर्धा तास. विमानतळापर्यंत साडेचार तास. देशांतर्गत विमानासाठी बहुतेक कंपन्यांचे काउंटर उड्डाणाआधी तासभर बंद होतात, तेव्हा दीड-दोन तास हाताशी ठेवावे लागतात. विमानाचा दीड तास. लोहगावला सामान घेऊन बाहेर यायला अर्धा तास, तिथून कोथरूडला एक ते सव्वा तास. एकूण साडेनऊ ते सव्वादहा तास. या दहा तासांत विमान जमीन सोडून हवेत असतं ते सव्वा तासाच्या आसपास. बाकीचा प्रवास बस, रांग, सरकता पट्टा आणि रिक्षा यांचा.

दुसऱ्या वाटा पाहा. रस्त्याने म्हैसूर ते पुणे पावणेनऊशे-नऊशे किलोमीटर. श्रीरंगपट्टण, हिरियूर, चित्रदुर्ग, हुबळी, बेळगाव, कोल्हापूर. गाडी चालवणारे दोघे असतील आणि जेवणाचे थांबे आवरते घेतले तर चौदा-पंधरा तास. रेल्वेने दादर-म्हैसूर शरावती एक्स्प्रेस हुबळी, बेळगाव, मिरज करत जाते. पुण्यापर्यंत वीस तासांच्या आसपास. म्हणजे विमान वाचवतं ते रेल्वेच्या तुलनेत दहा तास आणि मोटारीच्या तुलनेत चार-पाच. मिरजेला उतरणाऱ्याचं गणित तर आणखी बदलतं. पुण्याला उड्डाण करून पुन्हा दक्षिणेकडे सव्वादोनशेहून जास्त किलोमीटर यायचं, तर त्याला रात्रीची गाडीच बरी.

यातून एक सर्वसाधारण हिशेब हाती लागतो. विमानप्रवासात अंतर कितीही असलं तरी चार-पाच तास ठरलेले जातात: विमानतळापर्यंत जाणं, तपासणी, थांबणं, बाहेर पडणं. रेल्वेत हा खर्च तासाभराचा. ताशी सरासरी साठ किलोमीटरने जाणाऱ्या गाडीच्या तुलनेत विमान जिंकायला लागतं ते साधारण अडीचशे किलोमीटरनंतर. गाडी ताशी ऐंशीची असेल तर साडेतीनशेनंतर. म्हैसूर-चेन्नई याचं नेमकं उदाहरण. हवाई अंतर सुमारे ४०० किलोमीटर, लोहमार्गाने पाचशेच्या घरात. ११ नोव्हेंबर २०२२ रोजी सुरू झालेली वंदे भारत, दक्षिण भारतातली पहिली, हे अंतर साडेसहा तासांच्या आसपास कापते. विमानाने घरापासून घरापर्यंत याहून फार कमी तास जात नाहीत. तिथे विमान आणि रेल्वे जवळजवळ बरोबरीत उभी आहेत.

सपाट नकाशाची फसवणूक

म्हैसूरच्या मुलांपैकी बरीच जण पुढे अमेरिकेला जातात आणि मग हाच प्रश्न मोठ्या मापाने पुन्हा येतो. भिंतीवरच्या नकाशात सॅन फ्रान्सिस्को आपल्यापासून सरळ पूर्वेला किंवा सरळ पश्चिमेला दिसतं. पण ९ जानेवारी २०२१ च्या रात्री तिथून बंगळुरूला निघालेलं एअर इंडियाचं विमान थेट उत्तर ध्रुवावरून आलं. कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली विमान चालवणाऱ्या सगळ्या स्त्रिया होत्या. ध्रुवावरून येण्याचं कारण तीच सुतळी. सॅन फ्रान्सिस्को १२२ अंश पश्चिमेला, बंगळुरू ७८ अंश पूर्वेला. दोन्ही शहरं पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध बाजूंना. पृथ्वीगोलावर त्यांच्यामध्ये सुतळी ताणली तर ती ध्रुवाजवळूनच जाते. हवाई अंतर जवळजवळ १४ हजार किलोमीटर. विमान बंगळुरूला उतरलं ११ जानेवारीच्या पहाटे. तारखा पाहिल्या तर दीड दिवस वाटतो, पण दोन्हीकडच्या घड्याळांतला साडेतेरा तासांचा फरक वजा केला की उड्डाण उरतं सतरा-साडेसतरा तासांचं.

लांबच्या प्रवासात वाराही बोलतो. मध्य अक्षांशांवर दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान झोत वाहत असतो. म्हणून मुंबईहून लंडनला जाताना लागतो त्यापेक्षा लंडनहून मुंबईला येताना कमी वेळ लागतो. अंतर तेच, खुर्ची तीच. पुणे-म्हैसूर मार्ग दक्षिणोत्तर आणि छोटा असल्याने तिथे हा फरक जाणवण्याइतका नसतो. आणि राजकारणही अंतर वाढवतं. २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानने आपलं आकाश बंद ठेवलं, तेव्हा दिल्लीहून युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानांना दक्षिणेकडून वळसा घ्यावा लागला. दिल्लीहून इस्तंबूलला जाणारं इंडिगोचं विमान तर वाटेत दोह्याला इंधनासाठी थांबवावं लागत होतं. त्या काळातही संकेतस्थळांवर हवाई अंतराचा आकडा एक किलोमीटरनेही हलला नव्हता.

जाता जाता पुन्हा पहिल्या विजयनगरकडे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन मुंबईत जुहूला उतरले. तिथून वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट याने तेच टपाल मद्रासकडे नेलं आणि वाटेत बळ्ळारीला रात्रीचा मुक्काम केला. हंपीचं विजयनगर तिथून फार लांब नाही. ज्या देशात विमानालाही वाटेत रात्रीचा मुक्काम करावा लागत होता, तिथे आज आपण दीड तासाचा पावणेदोन झाला म्हणून कुरकुरतो. कुरकुरावंही, पण योग्य जागी.

म्हणून मुलीचं नेमणूकपत्र आलेल्या घरांसाठी एवढंच. तिकीट काढण्याआधी पाच आकडे कागदावर लिहा: घरापासून विमानतळ, विमानतळावरचं थांबणं, उड्डाण, बाहेर पडणं आणि तिथून मुक्काम. बेरीज करा आणि तिच्याशेजारी रेल्वेचे तास मांडा. पुणे-म्हैसूरची बेरीज आज दहा तासांची येते. मंडकळ्ळीची धावपट्टी लांबून पुण्याचं थेट विमान सुरू झालं तर ती पाच-सहा तासांवर येईल, आणि शहरं मात्र होती तिथेच, साडेसातशे किलोमीटरवर असतील. आणि हो, शोधताना नुसतं 'विजयनगर' लिहू नका. पुढे 'म्हैसूर' लिहा.